परकी कुमक आणि आपला संघ

गेल्या दिवाळींत माझा पुतण्या घरीं आला तो पहिले तीन दिवस कोणाशीं धडपणें बोलला नाहीं. भाऊबीज आटोपली, पाहुणे आपापल्या गांवीं गेले, तेव्हां तो माझ्या खोलींत येऊन बसला व त्यानें मनांतलें गाऱ्हाणें सांगितलें. संगणकावरील चुरशीचे खेळ, ज्यांस आतां सर्वत्र ई-स्पोर्ट्स म्हणतात, त्यांत हा मुलगा पटाईत. एका मोठ्या शहरांतील संघांत तो तीन वर्षें पगारावर खेळत होता. संघ पांच जणांचा, आणि पांचही जण याच देशांतले. यंदा चालकांनीं परदेशांतून दोन कसलेले खेळाडू वर्षाच्या करारानें आणिले, आणि ज्या दोघांस बाजूला बसविलें त्यांपैकीं एक आमचा पुतण्या. "काका," तो म्हणाला, "तुम्ही आयुष्यभर इतिहास शिकवला. परक्याला पैसे देऊन आपल्या संघांत आणावं का, याचं तुमच्या इतिहासांत कांहीं उत्तर आहे का? असलं तर सांगा."

मुलाचा चेहरा पाहून मीं त्याच्याच बाजूनें उत्तर दिलें. ज्याचें घर त्यानें राखावें, भाडोत्री माणसावर विसंबूं नये, वगैरे जें अशा वेळीं बोलावयाचें तें मी बोललों. तो उठून गेल्यावर मात्र मनाला स्वस्थता वाटेना. कारण आपण सांगितलें तें अर्धेंच खरें आहे, हें बोलतांनाच मला कळत होतें. उरलेलें अर्धें शोधावयास दूर जाण्याचें कारणही नव्हतें. ज्या गांवांत बसून त्यानें हा प्रश्न केला, त्याच गांवीं सुमारें सव्वादोनशें वर्षांपूर्वीं झालेल्या तहांत नेमकें या विषयाचें एक कलम आहे.

अंजनगांव आणि सुर्जी हीं शहानूर नदीकांठचीं जोडगांवें. बाहेरच्या माणसास तीं पानमळ्यांमुळें, पानपिंपळीमुळें, फार तर देवनाथांच्या मठामुळें ठाऊक असतात. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांचें नांव येतें तें ३० डिसेंबर १८०३ या दिवसाशीं जोडून. त्या दिवशीं दौलतराव शिंदे यांच्या वतीनें विठ्ठल महादेव, मुनशी कमलनयन प्रभृति वकिलांनीं आणि इंग्रजांच्या वतीनें सेनापति आर्थर वेलस्ली यानें येथील छावणींत तह ठरविला. गंगायमुनांमधील दुआब, भडोच, अहमदनगरचा किल्ला, अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेकडील बहुतेक मुलूख, हें सर्व त्या एका कागदानें शिंद्यांच्या हातून गेलें. शाळेंतील मुलें हीं नांवें घोकतात, आणि पुढील कलमांकडे सहसा कोणी वळत नाहीं. त्या पुढील कलमांपैकीं एकांत शिंद्यांनीं असें कबूल केलें आहे कीं, कोणाही फ्रेंच माणसास, अथवा ज्यांचें इंग्रजांशीं युद्ध चालू असेल अशा कोणत्याही युरोपीय वा अमेरिकन राष्ट्राच्या प्रजाजनास, तसेंच इंग्रज सरकारच्या कोणाही प्रजाजनास, मग तो गोरा असो कीं हिंदी असो, इंग्रजांच्या संमतीवांचून आपण चाकरीस ठेवणार नाहीं. तेरा दिवस आधीं, १७ डिसेंबरास, देवगांव येथें नागपूरकर भोसल्यांशीं जो तह झाला त्यांतही याच धर्तीचें कलम आहे.

विचार करण्यासारखी गोष्ट ही कीं, हें कलम जिंकणाराने घातलें. जी वस्तु निरुपयोगी तिची बंदी शत्रूला कोणी करीत नाहीं. परदेशी तरबेज माणसें चाकरीस ठेविल्यानें मराठ्यांचें नुकसानच झालें असेल, तर तें नुकसान पुढेंही चालूं देण्यांत इंग्रजांचा फायदा होता. तसें न करितां त्यांनीं तो दरवाजा कुलूप लावून बंद केला, यावरून त्या माणसांची किंमत त्यांना पुरती कळली होती हें उघड आहे. मग प्रश्न असा उरतो कीं, इतकीं मोलाचीं माणसें पदरीं असतां शिंदे हरले कसे? याचें उत्तर मिळण्यास आणखी वीस वर्षें मागें गेलें पाहिजे.

महादजी शिंदे यांनीं १७८४ सालीं सॅव्हॉय प्रांतांत जन्मलेल्या बेन्वा डि बॉयन या लष्करी माणसास आपल्या चाकरीस घेतलें व प्रथम दोन पलटणी उभ्या करण्यास सांगितलें. महादजींची गरज खरी होती. पानिपतच्या रणांत इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पायदळाचें काम त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धांत इंग्रजी पलटणींशीं त्यांची गांठ पडली होती. घोडदळाच्या वेगानें शत्रूस हैराण करितां येतें, परंतु तोफा मांडून उभ्या राहिलेल्या शिस्तीच्या पायदळास फोडण्यास तसेंच पायदळ लागतें, हें त्यांनीं ओळखलें होतें. ती विद्या घरीं नव्हती, म्हणून ज्याच्याजवळ होती त्याला पगार देऊन त्यांनीं ती आणली. फळही लवकरच दिसलें. १७९० सालीं पाटण आणि मेडता येथें या नव्या पलटणींनीं रजपुतांच्या फौजांचा मोड केला. आग्र्यास सँगस्टर नांवाच्या एका स्कॉच माणसाच्या देखरेखीखालीं तोफा ओतण्याचा कारखाना निघाला. दोन पलटणींच्या ठिकाणीं कंपूचे कंपू उभे राहिले.

एकानें अशी कुमक आणली कीं दुसऱ्यास स्वस्थ बसतां येत नाहीं. होळकरांनीं दुद्रनेक नांवाच्या फ्रेंच माणसाकडून आपला कंपू तयार करविला, आणि १७९३ सालीं लाखेरीच्या लढाईंत शिंद्यांच्या कंपूनें होळकरांच्या कंपूचा फडशा पाडला. भांडण मराठ्या-मराठ्यांचें, आणि दोन्हीकडे शिकविणारे परदेशी! ज्यांस आजच्या संघांची चढाओढ पाहून नवल वाटतें त्यांनीं हा प्रसंग आठवावा.

डि बॉयन हा माणूस बेइमान नव्हता. महादजी १७९४ सालीं वारले. त्यानंतर त्यानें दौलतरावांचीही चाकरी कांहीं काळ केली, व १७९६ सालीं अपार संपत्ति घेऊन तो युरोपास परत गेला. शांबेरी या आपल्या जन्मगांवीं तो १८३० सालीं मरण पावला. तेथें त्याच्या स्मरणार्थ बांधिलेलें चार हत्तींचें कारंजें आजही उभें आहे. परंतु त्याच्या चाकरीला आरंभापासून एक मर्यादा होती. इंग्रजांविरुद्ध आपण शस्त्र धरणार नाहीं अशी अट त्यानें अगोदरच घातली होती, आणि जातांना दौलतरावांस त्यानें असा सल्ला दिला असें इतिहासकार लिहितात कीं, इंग्रजांशीं युद्धाचा प्रसंग आणण्यापेक्षां या पलटणी मोडून टाकाव्या. सल्ला प्रामाणिक होता. ज्यानें हत्यार घडविलें त्यालाच ठाऊक होतें कीं, त्याची मूठ धन्याच्या हातीं नाहीं.

त्याच्या मागून पेरॉन हा फ्रेंच मनुष्य मुख्य झाला. दुआबाचा वसूल, अलीगडचा किल्ला, पलटणींचे पगार, नेमणुका, सर्व कांहीं त्याच्या हातीं गेलें. १८०३ च्या ऑगस्टांत युद्धास तोंड लागतांच इंग्रजांनीं जाहीरनामा काढून, शिंद्यांची चाकरी सोडून येणाऱ्या आपल्या प्रजाजनांस व इतर युरोपियनांस वेतनाचें आश्वासन दिलें. ४ सप्टेंबरास अलीगड पडलें, आणि पेरॉन थोड्याच दिवसांत इंग्रजांच्या आश्रयास निघून गेला. ११ सप्टेंबरास दिल्लीजवळ बूर्कें या त्याच्या जोडीदाराचा मोड झाला, व लवकरच तोही शरण गेला.

सेनानी गेले, पण शिपाई राहिले. यापुढील हकीकत प्रत्येक मराठी माणसानें लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. २३ सप्टेंबरास असई येथें शिंद्यांच्या गोलंदाजांनीं तोफांच्या चाकांजवळ प्राण दिले, पण जागा सोडली नाहीं. वेलस्लीच्या फौजेंतील दीड हजारांहून अधिक माणसें ठार व जखमी झालीं. पुढें वॉटर्लू जिंकणाऱ्या या सेनापतीच्या मनांतून असई शेवटपर्यंत गेली नाहीं. १ नोव्हेंबरास लासवारी येथें ज्या पलटणी लेकशीं लढल्या त्यांचे फ्रेंच अंमलदार बहुतेक निघून गेलेले होते. तरीही त्या अशा लढल्या कीं, लढाई जिंकल्यावर खुद्द लेकनें गव्हर्नर जनरलास कळविलें, यांस जर फ्रेंच नायक असते तर निकाल काय लागला असता याची धास्तीच वाटते. विजयी सेनापतीनें पराभूतांस दिलेलें हें प्रशस्तिपत्र आहे, आणि त्यांतच त्यांच्या पराभवाचें कारणही आहे. त्यानंतर २९ नोव्हेंबरास आपल्या अकोला जिल्ह्यांतील आडगांव, १५ डिसेंबरास गाविलगड, आणि मग अंजनगांवची छावणी. उतार सुरू झाल्यावर गाडा थांबला नाहीं.

आतां दोष कोठें होता तें पाहूं. परक्यास चाकरीस घेतलें हा दोष नव्हे. कारण त्याच्यापासून आपल्या माणसांनीं विद्या उचलली ती असईच्या व लासवारीच्या रणांत कसास उतरली. परका बेइमान निघाला, हेंही पुरतें कारण नव्हे. कोणी बेइमान निघाले, कोणी निघाले नाहींत, आणि पगारी माणूस पगार संपल्यावर जाणार हें धन्यानें धरूनच चालावयास पाहिजे होतें. दोष असा कीं, त्या कंपूंत आपला माणूस शिपाई झाला, गोलंदाज झाला, सुभेदार झाला. पण पलटण चालविण्याची जागा परक्यासाठींच राखून ठेविली गेली. जवळजवळ वीस वर्षें मिळालीं असतां, परका नायक गेल्यावर त्याच्या जागीं उभा राहील असा आपला नायक तयार करण्याची योजना झाली नाहीं. हात शिकले, डोकें शिकविलें गेलें नाहीं. इब्राहिमखान गारद्याचें उदाहरण पुढें होतें. तो बुसीच्या हाताखालीं फ्रेंच पद्धति शिकला होता, पण होता येथलाच. पानिपतावर तो निघून गेला नाहीं, मराठ्यांसाठीं मेला. त्या उदाहरणाचा अर्थ कोणीं लावला नाहीं.

कांहीं विद्वानांचें असें म्हणणें आहे कीं, मराठ्यांनीं कवायती पायदळाच्या नादीं लागावयासच नको होतें. गनिमी कावा हेंच त्यांचें खरें बळ, आणि तें सोडल्यामुळें ते बुडाले. हें मत मला पटत नाहीं. शत्रूनें नवी विद्या आणली असतां जुनीच कवटाळून बसणारा फार तर पराभव लांबवितो. घरांत जें नाहीं तें बाहेरून आणावेंच लागतें. मात्र तें आणल्यावर आपलें करून घेण्यास जी दुसरी मेहनत लागते, तिचा खर्च पहिल्या खर्चाहून मोठा असतो, आणि तोच आपण नेहमीं वांचवितों.

असो. रणांगणावरून क्रीडांगणावर येतांना एक भेद मान्य केला पाहिजे. खेळांत पगारी परका सोडून गेला तर राज्य जात नाहीं. म्हणून फितुरीचा जो विषय १८०३ सालीं मुख्य होता तो येथें गळून पडतो. राहतो तो शिकण्याचा व जागेचा प्रश्न, आणि त्याचा इतिहास आपल्या महाराष्ट्रांत पुष्कळ आहे.

कोल्हापूरचे शाहू छत्रपति यांनीं पंजाबांतील नामांकित मल्लांस आपल्या संस्थानांत आश्रय दिला, आणि खासबागेचें प्रचंड मैदान १९१२ सालीं खुलें झालें. आखाड्याची रीत अशी कीं तेथें विद्या लपवून ठेवितां येत नाहीं. पहांटे एका मातींत जोर करणारे दोघे परस्परांचे डाव अंगावर घेऊनच शिकतात. पंजाबी मल्ल आले म्हणून कोल्हापूरचे गडी मागें पडले नाहींत. कोल्हापूर हेंच कुस्तीचें माहेर झालें. १९५२ सालीं हेलसिंकी येथें कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव हे कराडजवळील गोळेश्वरचे, पण त्यांची कुस्ती कोल्हापुरांतच कसली गेली.

याच्या उलट बाजूचें उदाहरण इंदूरच्या होळकर संघाचें आहे. आपल्या नागपुरांत जन्मलेले सी. के. नायडू या संघाचे नायक. महाराजांच्या आश्रयामुळें ठिकठिकाणचे उत्तमोत्तम खेळाडू इंदुरास जमले, आणि रणजी करंडक या संघानें १९४५-४६ पासून १९५२-५३ पर्यंत चार वेळां जिंकला. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यांत तर इंग्लंडचा प्रख्यात फलंदाज डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळला. पलटणीच्या नोकरीनिमित्त तो तेव्हां महूस होता. मुंबईच्या संघानें होळकरांपुढें ८६७ धांवांचें आव्हान ठेविलें होतें. कॉम्प्टन २४९ धांवा काढून शेवटपर्यंत नाबाद राहिला, तरी मुंबईनें सामना ३७४ धांवांनीं जिंकला. एका परक्या वीराच्या पराक्रमानें संघ जिंकतोच असें नाहीं, हा त्यांतील लहान धडा. मोठा धडा पुढें मिळाला. संस्थान गेलें, आश्रय गेला, १९५४-५५ च्या हंगामानंतर तो संघही गेला. आणि त्याचा वारसा ज्या मध्य प्रदेशाकडे आला त्यास हा करंडक पुन्हा हातीं धरण्यास २०२२ साल उजाडावें लागलें. फुलें बाहेरून आणून दिवाणखाना सजविला होता; बाग लाविली नव्हती.

परक्यास बोलावितांना हेतु स्पष्ट असला म्हणजे किती फरक पडतो याचा दाखला १९६२-६३ सालचा आहे. त्याच्या आधींच्या वेस्ट इंडीजच्या दौऱ्यांत आपल्या फलंदाजांची वेगवान गोलंदाजीपुढें दाणादाण उडाली होती, आणि कर्णधार नरी कंत्राटर तर डोक्यास चेंडू लागून मरतां मरतां वांचले. तेव्हां क्रिकेटच्या नियामक मंडळानें वेस्ट इंडीजचेच चार वेगवान गोलंदाज एका हंगामासाठीं आणून निरनिराळ्या संघांत वांटून दिले. गिलख्रिस्ट हैदराबादेकडून, वॉटसन दिल्लीकडून, किंग बंगालकडून व स्टेयर्स मुंबईकडून खेळला. कोणाएका संघास करंडक मिळवून देणें हा या योजनेचा उद्देश नव्हता. आपल्या मुलांनीं तो वेग रोज सोसावा, त्याची संवय व्हावी, एवढाच होता. परका येथें गुरु म्हणून आला होता, आणि त्याचा पगार ही गुरुदक्षिणा होती.

आतां आपल्या विदर्भाकडे येऊं. विदर्भाचा संघ रणजी करंडकासाठीं १९५७-५८ पासून खेळूं लागला, आणि पुढें साठ वर्षें त्याची गणना लिंबूटिंबूंत होत असे. २०१७-१८ च्या हंगामांत मुंबईचा वसीम जाफर व कर्नाटकाचा गणेश सतीश हे बाहेरचे खेळाडू संघांत होते आणि शिक्षक म्हणून मुंबईचेच चंद्रकांत पंडित आले होते. इंदूरच्या होळकर मैदानावर अंतिम सामन्यांत विदर्भानें दिल्लीस नऊ गडी राखून हरविलें. परंतु त्या सामन्याचा धांवफलक पुन्हा काढून पाहिला म्हणजे काय दिसतें? लागोपाठ तीन बळी घेऊन दिल्लीचा डाव कापणारा रजनीश गुरबानी विदर्भाचा, शतक काढणारा अक्षय वाडकर विदर्भाचा, कर्णधार फैज फजल नागपूरचा. पुढच्या वर्षीं नागपुरांत सौराष्ट्रास हरवून करंडक राखला, त्या सामन्यांत अकरा बळी घेणारा आदित्य सरवटेही विदर्भाचा. बाहेरच्यांनीं खांब दिले, छप्पर घरच्यांनीं घातलें.

यापुढील भाग मला अधिक बोधप्रद वाटतो. २०२५ च्या मार्चांत विदर्भानें केरळास मागें टाकून तिसऱ्यांदा करंडक मिळविला. या वेळीं बाहेरचा मोहरा करुण नायर. पण पहिल्या डावांत १५३ धांवा काढणारा दानिश मालेवार आणि त्या हंगामांत ६९ बळी घेऊन स्पर्धेचा विक्रम मोडणारा हर्ष दुबे हे घरचेच. आणि समोर केरळाकडून, पाहुणा खेळाडू म्हणून, कोण गोलंदाजी करीत होता? तोच आदित्य सरवटे! ज्या प्रांतास सात-आठ वर्षांपूर्वीं माणसें बाहेरून आणावीं लागत, तो आतां माणसें बाहेर पाठवूं लागला. परकी कुमक सत्कारणीं लागली कीं नाहीं याची याहून बरी परीक्षा मला सुचत नाहीं.

आपल्या वऱ्हाडानें या देवघेवीस भिण्याचें तर मुळींच कारण नाहीं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं आपले देशी खेळ जगास दाखवून आली. विद्या बाहेर नेण्याचा ज्यांस संकोच वाटला नाहीं, त्यांस ती बाहेरून आणण्याचा कां वाटावा? मात्र दिलेली विद्या जगांत फिरते, आणि फिरून आपल्यावरच येऊं शकते, हेंही ध्यानांत असावें. इराणचे कबड्डीपटु २०१४ पासून आपल्याकडील व्यावसायिक स्पर्धेंत खेळूं लागले. त्यांपैकीं फजल अत्राचली हा पुढें मुंबईच्या व पुण्याच्या संघांचा कर्णधारही झाला. २०१८ सालीं जकार्ता येथील आशियाई सामन्यांत इराणनें आपल्या पुरुषांस उपांत्य फेरींत व स्त्रियांस अंतिम फेरींत हरविलें. त्या विजयी इराणी स्त्रियांच्या शिक्षिका कोण, तर नाशिकच्या शैलजा जैन! इराणनें काय केलें तें पाहावें. खेळणारीं माणसें परदेशीं पाठविलीं, शिकविणारें माणूस परदेशांतून आणलें, आणि मैदानांत मात्र आपल्याच मुली उतरविल्या. शिंद्यांच्या कंपूंत जें राहून गेलें तें या लोकांनीं केलें.

पुतण्याच्या खेळाची कथाही याहून निराळी नाहीं. हे संगणकी खेळ पोरखेळ आहेत असें म्हणण्याचे दिवस गेले. आपल्या सरकारनें डिसेंबर २०२२ त त्यांस खेळ म्हणून मान्यता दिली, आणि २०२३ सालीं हांगचौ येथील आशियाई सामन्यांत त्यांस पदकें होतीं. मुंबईच्या ग्लोबल ईस्पोर्ट्स या संघानें त्याच वर्षीं व्हॅलोरंट या खेळाच्या पॅसिफिक विभागीय स्पर्धेंत कोरियन व इतर परदेशी खेळाडू उतरविले. या क्षेत्रांत कोरियाची विद्या सर्वांत जुनी. लीग ऑफ लेजंड्स या पांच जणांच्या खेळांत २०१४ चें जगज्जेतेपद कोरियन संघानें मिळविलें, आणि लगेच चीनच्या धनिक संघांनीं तेथील खेळाडूंची खरेदी सुरू केली. खेळाच्या चालकांनीं त्याच वर्षीं नियम केला होता कीं, पांचांपैकीं तीन खेळाडू त्या त्या विभागाचेच रहिवासी असले पाहिजेत. २०१८ सालीं चीनच्या संघानें प्रथमच जगज्जेतेपद मिळविलें, तेंही कोरियाच्या भूमीवर. त्या संघांत दोन कोरियन व तीन चिनी होते, आणि कोरियन रूकी चिनी भाषा चांगली बोलूं लागला होता. नियमानें तीन जागा राखून ठेविल्या म्हणून चीनच्या मुलांस त्या दोघांच्या खांद्यास खांदा लावून खेळतां आलें. नियम नसता तर कदाचित् पांच कोरियन खेळाडूंनीं चीनच्या नांवानें करंडक नेला असता, आणि चीनजवळ नांवापलीकडे कांहीं उरलें नसतें.

तेव्हां माझें मत असें बनलें आहे. परदेशी पगारी खेळाडू संघांत घ्यावे; पण पांचांत दोहोंपेक्षां अधिक घेऊं नयेत. त्यांच्या करारांत खेळण्याबरोबर शिकविण्याचें काम स्पष्ट लिहावें, व त्याचा हिशेब मागावा. ज्याची जागा घेतली त्या मुलास घरीं न पाठवितां त्याच परक्याच्या शेजारीं सरावास बसवावें. आणि डाव आंखणारा, वेळ पडली तर हुकूम देणारा नायक शक्यतों आपला असावा; नसेल तर अमुक मुदतींत तयार करावा. या अटी पाळल्या तर परका गेल्यावर घर रिकामें होत नाहीं. न पाळल्या तर जिंकलेले करंडक कपाटांत राहतात आणि खेळ पाहुण्याबरोबर निघून जातो.

एवढें लिहून झालें तरी एक शल्य राहतेंच, आणि तें झांकून ठेवणें इतिहासाच्या शिक्षकास शोभणार नाहीं. जाफर आणि सतीश आले तेव्हां विदर्भांतील कोणा दोन तरुणांच्या जागा गेल्याच असतील. त्यांचीं नांवें कोणत्याही विजयाच्या वर्णनांत नाहींत. संघाचें कल्याण झालें. त्या दोघांचें काय झालें हें कोणीं विचारलें नाहीं. ज्याची जागा जाते त्यास "प्रांताचा फायदा झाला" हें सांगून समाधान होत नाहीं, आणि होऊंही नये. खेळाडूच्या आयुष्यांत चार-पांचच वर्षें भराचीं असतात. म्हणून वर सांगितलेल्या अटींपैकीं, बाजूस बसविलेल्या मुलास शिकण्याची संधि देण्याची जी अट, तिला मी उपकार समजत नाहीं. तें त्याचें देणें आहे. महादजींच्या कंपूंतील सुभेदाराचें जें देणें राहिलें तेंच हें.

हें सर्व मीं पुतण्यास पत्रानें कळविलें, आणि दिवाळींतील माझें उत्तर अर्धवट होतें हेंही कबूल केलें. पंधरा दिवसांनीं त्याचें उत्तर आलें. चालकांनीं त्यास राखीव म्हणून ठेविलें आहे, पगार निम्म्यावर आला आहे. त्या दोन परदेशी खेळाडूंपैकीं एक रोज रात्रीं तासभर त्याला बरोबर घेऊन बसतो. भाषा जुळत नाहीं, तरी चुकलेला डाव पुन्हा लावून दाखवितो. दुसरा सराव संपतांच खोलीचें दार लावून घेतो. दोघांचे पगार सारखेच आहेत, असें शेवटीं लिहिलें आहे. पुढच्या वर्षीं कोणाचा करार वाढवावा हें ठरविण्यास चालकांना याहून अधिक माहिती लागावी, असें मला वाटत नाहीं.